बंद टॉकीजमधला ३५ मिमी प्रोजेक्टर घरी आणायचा आहे : काय तपासावे, कसा हलवावा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. कराडच्या पुढे तालुक्याच्या एका गावातील टॉकीज गेली काही वर्षे बंद आहे. डिजिटल यंत्रणा आल्यावर तेथील ३५ मिमीची दोन्ही मशीन केबिनमध्येच राहिली. त्यांपैकी एकाचे भाग हळूहळू विकले गेले, दुसरे मात्र अजून जागेवर उभे आहे. आता इमारत पाडायची असल्यामुळे दिवाळीपूर्वी मशीन उचलले नाही तर ते भंगारात जाईल, असे मालकांनी स्पष्ट सांगितले आहे. भंगारवाला वजनावर जो भाव देतो त्याच्या दुपटीच्या आसपास रक्कम ते मागत आहेत आणि मला ती अवाजवी वाटत नाही.

मशीन लोखंडी स्टँडवर आहे. मूळचे लॅम्प हाउस, म्हणजे दिव्याची पेटी, जळत्या कार्बन कांड्यांचे होते. नंतर कधीतरी ते काढून झेनॉनचे बसवलेले दिसते. झेनॉनचा बल्ब आत तसाच आहे. दिव्यासाठी एसीची डीसी वीज करणारा रेक्टिफायर वेगळा असून तो थ्री फेजवर चालतो. लेन्स दोन आहेत : एक साधी, जिच्यावर १०० मिमी असे कोरलेले आहे, आणि एक सिनेमास्कोपसाठी पुढे लावायची. हाताने फिरवायची चकती फिरवली तर आतील चाके फिरतात, परंतु मध्येच एका ठिकाणी किंचित अडल्यासारखे जाणवते. तेथे अनेक वर्षे काम केलेले ऑपरेटरकाका त्याच गावात राहतात आणि मदत करायला तयार आहेत.

माझे घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यात पाणी होते, २०२१ मध्येही आम्ही सामान वर हलवले होते, त्यामुळे मशीन तळमजल्यावर ठेवण्याचा विचारही मी करू शकत नाही. पहिल्या मजल्यावर लांबट खोली आहे. मशीनपासून पडद्यापर्यंत सात मीटर अंतर मिळेल आणि पडदा पावणेतीन-तीन मीटर रुंदीचा लावता येईल. घर आरसीसीचे, खांब-तुळयांचे आहे.

मला हे मशीन शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात उभे करायचे नाही. घरच्या माणसांना त्यावर रीळ चालवून दाखवायचे आहे. विकत घेण्याआधी काय पाहावे, एवढा प्रकाश घरात कसा वापरावा, वजन पहिल्या मजल्याला झेपेल का आणि हलवताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

यंत्रशाळा (पुणे)

मी अनेक वर्षे टॉकीजमधील मशीनची देखभाल केली आहे. वेस्ट्रेक्स, फोटोफोन, आरसीए, सिम्प्लेक्स, बावर, कॅली अशी नावे आपल्याकडच्या केबिनमध्ये सापडत. नाव कोणतेही असले तरी पाहण्याच्या गोष्टी साधारण त्याच असतात, म्हणून पाटीपेक्षा यंत्राच्या पोटात काय आहे त्याकडे लक्ष द्यावे.

सर्वांत आधी क्रॉस. फिल्म गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या खिडकीत, सेकंदाला चोवीस वेळा थांबते आणि चोवीस वेळा एकेक चौकट पुढे सरकते. हे थांबणे-सरकणे माल्टीज क्रॉसमुळे होते आणि तो भाग तेलाच्या बंद पेटीत फिरत असतो. तुम्हाला जे अडल्यासारखे जाणवते, ते बहुधा दोनपैकी एका कारणाने असेल. वर्षानुवर्षे उभ्या मशीनमध्ये तेल डिंकासारखे घट्ट होते. तसे असेल तर अडणे सर्वत्र थोडे-थोडे जाणवते आणि ते तेल धुऊन काढले की जाते. परंतु प्रत्येक फेऱ्यात नेमक्या त्याच ठिकाणी अडत असेल, तर एखाद्या गिअरचा दात तुटलेला आहे किंवा क्रॉसची पिन झिजली आहे असे समजावे. चकतीवर खडूने खूण करून दहा-वीस फेरे सावकाश फिरवा, म्हणजे दोन्हींतला फरक लक्षात येईल. तोपर्यंत मोटर चालू करण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका, कारण सुकलेल्या तेलावर एक मिनिट मोटर चालली तरी जो भाग धुऊन वाचला असता तो कायमचा जातो.

त्यानंतर स्प्रॉकेट, म्हणजे फिल्म ओढणारी दातेरी चाके, पाहा. दात सरळ व दोन्ही बाजूंनी सारखे असावेत. एका बाजूने आकड्यासारखे वळलेले दात फिल्मची भोके फाडतात. गेटमधील पट्ट्यांवर बोट फिरवून खाच पडली आहे का तपासा. साउंड हेडमध्ये, म्हणजे फिल्मवरील आवाजाची पट्टी वाचणाऱ्या भागात, त्या पट्टीवर प्रकाश टाकणारा एक्साइटर लॅम्प, त्यापुढची बारीक फट असलेली लेन्स आणि फिल्मच्या मागचा प्रकाश टिपणारा सेल, हे तीनही भाग जागेवर आहेत ना, याची खात्री करा. सेल जुन्या काचेच्या नळीचा असेल तर तेथे सोलर सेल बसवून छोटा प्रीअँप जोडता येतो. त्यासाठी मशीन नाकारू नये. एक्साइटर लॅम्पला मात्र डीसी वीजच द्यावी, कारण एसीवर त्याचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि तीच घरघर स्पीकरमधून ऐकू येते.

आता प्रकाश. घरासाठी टॉकीजचा लॅम्प वापरू नये असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागे साधे गणित आहे. सिनेमागृहात मशीन फिल्मशिवाय चालू असताना पडद्याच्या मध्यभागी सुमारे ५५ कँडेला प्रति चौरस मीटर उजेड असावा, असा मान्य दंडक आहे. तुमचा पडदा २.८ मीटर रुंद आणि रुंदी-उंचीच्या १.८५ प्रमाणाचा धरला तर क्षेत्रफळ सव्वाचार चौरस मीटरच्या आत येते. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढ्या उजेडासाठी लेन्समधून जेमतेम ७३० ल्युमेन बाहेर पडले की पुरते. फिल्म सरकताना प्रकाश झाकणारे शटर निम्मा प्रकाश अडवते आणि गेट व लेन्समध्ये आणखी बराच वाया जातो, हे धरूनही चांगल्या परावर्तकासह २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन किंवा नीट केंद्रित केलेला एलईडी घरगुती पडद्याला पुरेसा ठरू शकतो. दोन किलोवॅटचा झेनॉन एवढ्या लहान पडद्यावर लावला तर चित्र चांगले दिसण्याऐवजी डोळ्यांना खुपते, शिवाय उजेड वाढला की शटरची फडफडही अधिक जाणवते. थ्री फेजचा रेक्टिफायर, धुराडे, पंखा ही सगळी यातायात यामुळे आपोआप वाचते.

लेन्सचेही गणित आधीच करून ठेवा. गेटच्या चौकटीची रुंदी साधारण २१ मिमी असते. तिला अंतराने गुणून लेन्सच्या फोकल लांबीने भागले की पडद्यावरची रुंदी मिळते. सात मीटरवर तुमची १०० मिमीची लेन्स केवळ १.४७ मीटर रुंद चित्र देईल. २.८ मीटर हवे असेल तर साडेबावन्न मिमीच्या जवळची लेन्स शोधावी लागेल. ती घेताना नळीचा व्यास अगोदर मोजा, कारण वेगवेगळ्या मशीनमध्ये लेन्सचा साचा वेगळा असतो आणि न बसणारी लेन्स कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. सिनेमास्कोपची लेन्स चित्र आडवे दुप्पट पसरवते, त्यामुळे त्याच १०० मिमीच्या लेन्सपुढे ती लावली की सात मीटरवर सुमारे २.९ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच चित्र मिळेल. म्हणजे स्कोपच्या रिळांसाठी तुमच्याकडे आजच योग्य जोडी आहे. फक्त पुढची लेन्स एवढ्या जवळच्या अंतराला जुळते का, ते पाहून घ्या.

चौपाटी (मुंबई)

आपला उत्साह समजतो, तरीही निर्णयापूर्वी १६ मिमीचा विचार जरूर करावा, असे मला वाटते. शाळा, महाविद्यालये आणि सरकारी प्रसिद्धी विभाग यांच्याकडे पूर्वी १६ मिमीचे प्रोजेक्टर असत. मुंबईत मटन स्ट्रीटसारख्या जुन्या बाजारात ते अजूनही अधूनमधून दिसतात. असे यंत्र एका माणसाला उचलता येते, घरच्या साध्या प्लगवर चालते आणि आवाजाची सोय त्यातच असते. १६ मिमीची फिल्म मिनिटाला ३६ फूट जाते, त्यामुळे १६०० फुटांच्या एका रिळावर सुमारे ४४ मिनिटे अखंड पाहता येते. ३५ मिमीला मिनिटाला ९० फूट लागतात, म्हणजे २००० फुटांचे स्पूल बावीस मिनिटांत संपते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म, सात स्पूल, आणि एकच मशीन असल्यामुळे प्रत्येक स्पूलनंतर थांबणे, हे सगळे घरच्या माणसांच्या सहनशक्तीचा विचार करून ठरवावे.

सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. १६ मिमीची फिल्म पहिल्यापासून सेफ्टी बेसवरच, म्हणजे सहज न पेटणाऱ्या पायावर, बनत आली, त्यामुळे जुन्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मच्या आगीची धास्ती तिथे नाही. ज्याला चित्रपट पाहण्याची आवड आहे त्याने १६ मिमी घ्यावे आणि ज्याला यंत्राची आवड आहे त्याने ३५ मिमी घ्यावे, असे मी माझ्याकडे विचारणा करणाऱ्यांना नेहमी सांगतो. आपण कोणत्या गटात आहात, ते आपणच ठरवावे.

रीळघर (कोल्हापूर)

चौपाटी यांचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने योग्य आहे, पण या ठिकाणी तो लागू होतो असे मला वाटत नाही. १६ मिमीचे यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. हे मशीन दिवाळीनंतर वितळवले जाणार आहे. शिवाय ज्याने ते चालवले तो माणूस हयात आहे, गावात आहे आणि मदतीला तयार आहे. ही गोष्ट मी मशीनच्या किमतीपेक्षा मोठी मानतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास दामल्यांच्या साथीने स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला. यंत्र उघडून समजून घेण्याची ती सवय आपल्या भागातील कारागिरांमध्ये अजून आहे, आणि अशा मशीनला आज आधार आहे तो तिचाच. झिजलेला गिअर, रोलर किंवा बुश यांचे नमुने घेऊन आमच्या उद्यमनगरात गेलात तर लेथवर नवा भाग करून देणारे कारागीर भेटतात. फक्त स्प्रॉकेट आणि क्रॉस यांची अचूकता फार बारीक असते, त्यामुळे हे दोन भाग शक्यतो मूळचेच मिळवावेत. मालकांनी दुसऱ्या मशीनचे भाग विकले म्हणता, तरी केबिनच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर त्याचे अवशेष नक्की पडलेले असतील. ते सगळे मागून घ्या. चौकटीच्या पट्ट्या, एक्साइटर लॅम्प, पट्टे, स्पूल, फिल्म जोडायचे यंत्र, रिकामे डबे, अगदी गंजलेले स्क्रूसुद्धा. या लहान वस्तू नंतर शोधून सापडत नाहीत.

खोलण्याच्या दिवशी ऑपरेटरकाकांना आदराने बोलवा, त्यांच्या दिवसाचा योग्य मोबदला द्या आणि घाई करू नका. काहीही खोलण्याआधी त्यांना हाताने, मोटर न लावता, एखादा फिल्मचा तुकडा मशीनमध्ये भरून दाखवायला सांगा आणि त्याचे चित्रण करा. फिल्म कोणत्या रोलरच्या वरून जाते, कोणत्या खालून, गेटच्या वर आणि खाली किती मोठा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, सोडायचा, हे छापील आकृतीत दिसते पण हाताला कळत नाही. गेट आणि साउंड हेड यांच्यामधील अंतर तर फार महत्त्वाचे. ३५ मिमीमध्ये आवाजाची पट्टी चित्राच्या वीस चौकटी पुढे असते, म्हणून खालचा लूप लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

प्रत्यक्ष खोलताना पहिला मान झेनॉनच्या बल्बचा, आणि तो काम येणाऱ्या माणसाच्याच हातून निघाला पाहिजे. हा बल्ब बंद आणि थंड असतानाही आतील वायू वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली असतो. धक्का लागला, काचेवर ओरखडा पडला किंवा पिळला गेला तर तो बाँबसारखा फुटतो आणि क्वार्ट्‌झचे तुकडे चेहऱ्यावर येतात. पूर्ण चेहरा झाकणारे कवच, जाड हातमोजे, गळ्यापर्यंत बंद जाकीट, आणि खोलीत दुसरे कोणी नाही, अशाच तयारीने तो काढावा व त्याच्या मूळ संरक्षक कवचात ठेवावा. लॅम्प हाउसमध्ये बल्ब ठेवून ते टेम्पोत चढवणे म्हणजे हमालांच्या जिवाशी खेळणे आहे. तुम्हाला घरी हा बल्ब वापरायचाच नसल्यामुळे झेनॉनची कामे करणाऱ्या तंत्रज्ञाकडे तो सोपवून द्या. भंगाराच्या पोत्यात मात्र टाकू नका.

केबिनमध्ये जुन्या कार्बनच्या काळातले आणखी काही उरले असेल तर त्याकडेही जपून पाहा. त्या लॅम्प हाउसमधील पांढऱ्या, सुती दिसणाऱ्या वेष्टनाच्या वायरींमध्ये आणि पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्या कोरड्या ओढू-कापू नयेत. एखादा काचेचा मोठा फुगा असलेला जुना रेक्टिफायर दिसला तर त्यात पारा असतो. त्याला हातही लावू नये आणि तो काय आहे हे मालकांना स्पष्टपणे सांगावे, कारण इमारत पाडणाऱ्या मजुरांना ते ठाऊक नसेल.

बाकी क्रम असा ठेवावा की लेन्स आणि परावर्तक आधी निघतील, मग क्रॉसच्या पेटीतील तेल पूर्ण काढले जाईल, मग लॅम्प हाउस, वरचे-खालचे स्पूलचे डबे, मोटर, हेड (गेट आणि क्रॉस असलेला मुख्य भाग), साउंड हेड आणि शेवटी स्टँड. तेल न काढता हेड आडवे केले तर ते झिरपून गेटपर्यंत आणि शटरच्या शाफ्टमध्ये जाते. हेड आणि साउंड हेड यांच्या जोडावर किंवा लॅम्प हाउसच्या पायांखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सापडतील. त्या कचरा समजून फेकू नका. मशीन बसवताना ज्याने प्रकाशाची रेषा जुळवली त्याने त्या घातलेल्या असतात. कोणती कुठे होती ते लिहून पाकिटात ठेवा. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा.

टॉकीजच्या केबिनचे जिने बहुधा अरुंद आणि बाहेरून लोखंडी असतात. स्टँड हा एकच भाग खरोखर जड आणि ओबडधोबड असतो. त्यासाठी चेन-ब्लॉक लावून तो सावकाश खाली सोडावा. हेडला कधीही पहार लावू नये आणि शाफ्टला किंवा चकतीला धरून उचलू नये. हेड आणि साउंड हेड प्लायवूडच्या पेटीत उभेच ठेवावे, भोवती गोधड्या दाबून भराव्यात आणि पेटी टेम्पोच्या पुढच्या भिंतीला पट्ट्यांनी आवळावी. खाली जुने टायर घातले की रस्त्याचे हादरे बरेच शोषले जातात. छोटा हत्ती पुरेसा होईल, पण ताडपत्री दुहेरी घ्या, कारण दसऱ्यानंतरही आपल्याकडे पाऊस गाठतो. मालकांकडून मशीनचा क्रमांक, रक्कम आणि तारीख लिहिलेली सहीची पावती घेऊन ती गाडीत ठेवावी.

पाया_तुळई (ठाणे)

मी बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे केवळ वजनाविषयी लिहितो. राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो चलभार धरून आखला जातो. लॅम्प हाउस आणि स्टँडसह असे मशीन तीनशे किलो किंवा त्याहून अधिक भरू शकते, आणि ते सारे अर्ध्या चौरस मीटरच्या पायावर उभे असते. खोलीच्या एकूण क्षमतेच्या मानाने तीनशे किलो जास्त नाहीत. प्रश्न येतो तो भार एका जागी एकवटतो म्हणून. स्लॅबच्या मध्यभागी मशीन ठेवणे टाळा. खाली तुळई आहे तिच्यावर, शक्यतो खांबाच्या जवळ, मशीनची जागा ठरवा आणि पायाखाली जाड पोलादी पट्टी किंवा लाकडी ओंडक्यांची चौकट टाकून भार पसरवा. पुराचे पाणी दोनदा आलेल्या घरात खालच्या खांबांचे आवरण फुगले आहे का, सळ्या गंजल्या आहेत का, हेही तिथल्या स्ट्रक्चरल अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे. छायाचित्रांवरून मी त्याबद्दल मत देणार नाही.

मूळ स्टँड आणि झेनॉनचे लॅम्प हाउस वापरायचेच नसेल, तर प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. हेड, साउंड हेड आणि मोटर यांच्यासाठी फॅब्रिकेटरकडून चौरस पाइपचा, तिरप्या आधारांचा स्टँड करून घ्यावा. तो हलका असावा पण हलता नसावा, कारण स्टँड एक मिलिमीटर डोलला तरी सात मीटरवर चित्र नाचताना दिसते. पायांखाली रबराचे गुटके घालताना ते फार मऊ घेऊ नयेत. सामान वर नेण्यासाठी आतील जिन्यापेक्षा बाल्कनी बरी : खालून पक्के मचाण बांधून त्यावर चेन-ब्लॉक लावावा. बाल्कनीच्या कठड्याला किंवा पुढे आलेल्या स्लॅबला चेन-ब्लॉक कधीही अडकवू नये.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. चौपाटी यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मला यंत्र आणि चित्रपट दोन्ही हवे आहेत, आणि बावीस मिनिटांनी थांबावे लागले तरी घरची मंडळी कुरकुर करणार नाहीत. खडूची खूण करून पाहिली. अडणे एका ठिकाणी नसून सगळीकडे थोडे-थोडे आहे, त्यामुळे तेल सुकले असावे असा ऑपरेटरकाकांचाही अंदाज आहे. नवा हलका स्टँड करण्याचे ठरवले आहे. जुना स्टँड मात्र भंगारात जाऊ द्यायला मन घेत नाही. गावातील वाचनालय तो ओसरीत ठेवायला तयार आहे.

आता नवी गोष्ट समोर आली आहे. केबिनमागच्या खोलीत पत्र्याच्या पेट्यांमध्ये काही रिळे आहेत. काहींना आंबूस वास येतो. काही पेट्यांवरची नावे पुसली गेली आहेत. मालक म्हणतात, तीही घेऊन जा. ती घ्यावीत का?

यंत्रशाळा (पुणे)

घ्या, पण मशीनबरोबर त्याच टेम्पोत नको आणि तपासल्याशिवाय घरात नको.

पहिला प्रश्न नायट्रेटचा. साधारण १९५१-५२ पर्यंत ३५ मिमीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटवर बनत असे. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. पुण्यात २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारात लागलेल्या आगीत आपल्या चित्रपटांचा अमूल्य ठेवा नष्ट झाला, तो नायट्रेटचाच होता. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ असा शब्द छापलेला आहे का, ते भिंगाने पाहा. तो नसेल, फिल्म जुनी कृष्णधवल असेल, किंवा ती चिकट होऊन तिच्यावर तपकिरी भुकटी दिसत असेल, तर डबा उन्हात ठेवू नका, वाहनात घालू नका, जाळून परीक्षा तर मुळीच करू नका. थंड, हवेशीर जागी तो वेगळा ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधा आणि त्यांच्या सूचनेप्रमाणेच पुढे जा.

आंबूस वास येतो तो बहुधा ॲसिटेटच्या फिल्मचा. तिचा पाया विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड सुटू लागते आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही तोच रोग लावते. अशी रिळे बाकीच्यांपासून दूर ठेवा. ती आकसलेली असतात, भोकांमधील अंतर कमी झालेले असते, त्यामुळे मशीनमध्ये घातली की दातांवर चढून फाटतात. नव्वदीनंतरच्या अनेक प्रिंट पॉलिएस्टरवर आहेत. त्यांना हा विकार होत नाही, पण त्या तुटतही नाहीत. अडकल्या तर मशीनचा भाग वाकतो. नव्याने दुरुस्त केलेल्या मशीनवर म्हणूनच पॉलिएस्टर सर्वांत शेवटी घाला.

नावे पुसलेल्या पेट्यांबद्दल एक कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे जुन्या प्रिंट चांदी काढण्यासाठी धुतल्या गेल्या, बांगड्यांच्या आणि इतर किरकोळ उद्योगांत गेल्या, पुरात कुजल्या. एखाद्या मराठी चित्रपटाची शेवटची प्रत कुठे असेल हे कोणी सांगू शकत नाही. कोणते रीळ कोणत्या चित्रपटाचे आहे हे ओळखून ते संग्रहालयाला कळवल्याशिवाय मशीनवर चढवू नका. सरावासाठी खराब झालेल्या जाहिरातपटांचे आणि ट्रेलरचे तुकडे वापरा. ऑपरेटरकाकांकडे ते नक्की असतील. प्रिंट तुमच्या हाती आली म्हणून चित्रपटाचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. घरच्यांनी घरात पाहणे वेगळे. गणपतीच्या मंडपात किंवा सोसायटीच्या गच्चीवर लोकांना दाखवायचे असेल तर हक्कधारकाची परवानगी आणि प्रदर्शनाचा परवाना दोन्ही लागतात.

रीळघर (कोल्हापूर)

मशीन धुण्याविषयी थोडी भर घालतो. डिझेल किंवा पेट्रोल ओतून हेड धुण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, ती टाळावी. घट्ट झालेले तेल शुद्ध केरोसीनमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने, थोडे-थोडे, खिडक्या उघड्या ठेवून काढावे आणि लगेच कोरडे पुसावे. गेट, लेन्स आणि साउंड हेडच्या काचांना केरोसीनचा थेंबही लागू नये. त्यानंतर क्रॉसच्या पेटीत मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल खिडकीवरील खुणेपर्यंत भरावे. पुस्तिका नसेल तर कोणते तेल घालत होता ते ऑपरेटरकाकांना विचारा, ते अचूक सांगतील. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल त्या पेटीत कधीही घालू नये.

मोटरची जोडणी करण्यापूर्वी तिची तार वीजतंत्रीकडून मेगरने (विद्युतरोधन तपासणाऱ्या मीटरने) तपासून घ्या आणि मशीनच्या लोखंडी अंगाला स्वतंत्र अर्थिंग द्या, कारण चालत्या मशीनला हात लावूनच काम करावे लागते. पहिले काही तास फिल्म न घालता चालवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने थांबवून प्रत्येक बेअरिंगला हात लावून पाहा. जे हाताला चटका देते ते अजून कोरडे आहे. त्यानंतर फिल्मच्या तुकड्याची दोन टोके जोडून गोल करा, तो फिरवत ठेवा आणि पडद्यावरील चौकटीची कडा भिंतीवर पेन्सिलने आखून घ्या. कडा त्या रेषेवर स्थिर राहिली तर क्रॉस ठीक आहे असे समजा. डोलत असेल तर आधी नव्या स्टँडचे बोल्ट आवळा आणि मगच हेडला दोष द्या.

कृष्णाकाठ (सांगली)

झेनॉनची कामे करणाऱ्या एका तंत्रज्ञाशी बोलणे झाले असून बल्ब काढायला ते येत आहेत. स्ट्रक्चरल अभियंताही खालचे खांब पाहून जाणार आहेत. पेट्यांची यादी आणि फिल्मच्या कडेवरील छाप यांची छायाचित्रे संग्रहालयाला पाठवण्याची तयारी सुरू केली आहे. साडेबावन्न मिमीच्या जवळपासची लेन्स कोणाकडे असल्यास कृपया नळीच्या बाहेरील व्यासासह कळवावे. माझ्या मशीनचा साचा ७०.६ मिमीचा भरतो.